लाकडी जिभेची घंटा

चिनी परंपरेने काव्य आणि राज्यकारभार ह्यांचे नाते किती जुने मानले आहे हे पाहावयाचे असेल, तर पान कू ह्या इतिहासकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हान राजवंशाच्या इतिहासात नमूद करून ठेवलेल्या एका प्रथेपासून आरंभ करावा लागतो. हिवाळाभर गावात एकत्र राहिलेले शेतकरी वसंताच्या पहिल्या महिन्यात शेतांकडे पांगू लागले की प्राचीन राजांचे अंमलदार हातात घंटा घेऊन वाटावाटांनी फिरत, लोकांच्या तोंडची गाणी गोळा करीत आणि ती दरबारातील संगीताधिकाऱ्याच्या स्वाधीन करीत. तो त्यांना सूर लावून राजाच्या कानी घाली, आणि अशा रीतीने राजाला आपल्या वाड्याच्या खिडकीतून डोकावण्याचीही तसदी न घेता रयतेचे सुखदुःख कळे. ह्या घंटेची जीभ लाकडी असे. युद्धाचे हुकूम जाहीर करताना धातूच्या जिभेची घंटा वाजवावयाची आणि मुलकी कामासाठी लाकडी जिभेची, असा जुन्या टीकाकारांनी तिचा खुलासा केला आहे. ही प्रथा पान कूने वर्णिली तशी खरोखर कधी अंमलात होती की उत्तरकाळातील विद्वानांनी आपल्या आदर्शाचे प्रतिबिंब भूतकाळात पाहिले, हा वाद बाजूला ठेवला तरी इतके निश्चित की त्या देशातील सुशिक्षित माणसाने दोन हजार वर्षे ही गोष्ट खरी मानली, ३०५ गीतांच्या प्राचीन संहितेकडे तो रयतेने सरकारात गुजरलेल्या अर्जांचे दफ्तर म्हणूनही पाहत आला, आणि गाऱ्हाणे मांडणे हे काव्याच्या मान्य प्रयोजनांपैकी एक आहे ही कन्फ्यूशियसची शिकवण त्याने उराशी बाळगली.

ह्या परंपरेत परक्या माणसाने येऊन चीनच्या जीवनावर आणि राजकारणावर कविता लिहावी, म्हणजे ह्या घंटेची दोरी आपल्या हाती घ्यावी, ह्याला काय अर्थ आहे, आणि तशी दोरी हाती घेणाऱ्या परक्याचे इमान कोणाशी असावे, ह्या प्रश्नाचा विचार विसाव्या शतकातील एका न्यूझीलंडवासी कवीच्या चरित्राच्या आधारे करावा असा ह्या लेखाचा हेतू आहे. त्याचे नाव रेवी ॲली. त्याची कविता श्रेष्ठ प्रतीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यात जे घडले आणि जे घडावयाचे राहिले त्यात काव्य आणि सत्ता ह्यांच्या संबंधाचा जो धडा आहे, तो पुष्कळ मोठ्या कवींच्या ग्रंथांतूनही इतक्या स्पष्टपणे हाती लागत नाही.

मात्र त्याच्याकडे वळण्यापूर्वी थांग राजवंशातील दोन कवींचे स्मरण केले पाहिजे. कारण ॲलीने उत्तरायुष्यात ज्यांची भाषांतरे केली त्यांत हे दोघेही आहेत, आणि त्याला मोजण्याचे मापही त्यांच्याच हाती आहे. तू फू हा इ. स. ७१२ मध्ये जन्मला आणि ७७० मध्ये वारला. ७५५ च्या अखेरीस तो राजधानीहून आपल्या कुटुंबाकडे परतला तेव्हा त्याचे धाकटे मूल उपासमारीने दगावलेले होते. आणि त्या दुःखातही, आपण करमाफी असलेल्या वर्गातले असून आपली ही अवस्था, तर ज्यांच्या मानेवर महसुलाचे आणि लष्करी वेठीचे जू आहे त्यांचे काय होत असेल, हा विचार त्याच्या मनातून हटला नाही. त्याच सुमारास आन लू-शानचे बंड उसळले आणि साम्राज्य विस्कळित झाले. ७५९ मध्ये प्रवास करीत असताना सैन्यभरतीसाठी रात्री खेड्यांत शिरणारे अंमलदार, मुलगे गमावलेल्या म्हाताऱ्या, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला रणांगणाकडे पाठविणारी नवरी, हे त्याने पाहिले आणि त्यावर सहा कविता रचल्या. बंड मोडणे अवश्य होते असे त्याचे मत होते, सम्राटावर त्याची निष्ठा होती. तरी ज्या पक्षाचा जय व्हावा असे त्याला वाटत होते त्याच पक्षाच्या शिपायांनी काय चालविले आहे हे लिहून ठेवताना त्याचा हात अडखळला नाही. पो च्यू-ई हा त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी जन्मला. गाणी गोळा करणाऱ्या त्या प्राचीन अंमलदारांची नेमणूक सरकारने पुन्हा सुरू करावी असे त्याचे आग्रहाचे म्हणणे होते, आणि ती होत नाही असे दिसल्यावर राजवाड्यातील खरेदीदारांनी नागवलेल्या कोळसेविक्या म्हाताऱ्यासारख्या माणसांची गाऱ्हाणी त्याने स्वतःच पद्यात आणली. ह्या दोघांनीही आयुष्यात एकदा एकच हुद्दा भूषविला होता, तू फूने ७५७ मध्ये आणि पो च्यू-ईने ८०८ मध्ये. त्या हुद्द्याच्या नावाचा अक्षरशः अर्थ राहून गेलेले वेचणारा असा होतो. सम्राटाच्या नजरेतून जे निसटले असेल ते उचलून त्याच्यासमोर धरावयाचे, हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य. आणि ते मनापासून बजावल्याचे फळ म्हणून दोघांनाही पुढे राजधानीबाहेर जावे लागले.

ह्या दरबारात परकेही होते. आबे नो नाकामारो हा जपानी तरुण ७१७ मध्ये छांग-आनला विद्यार्थी म्हणून आला, तेथेच सरकारी नोकरीत चढला आणि ली पो, वांग वेइ ह्यांच्यासारख्या कवींचा स्नेही झाला. ७५३ मध्ये तो मायदेशी निघाला असता त्याचे जहाज वादळात सापडले. तो बुडाला अशा समजुतीने ली पोने त्याच्यावर शोकगीत लिहिले, पण तो आन्नामच्या किनाऱ्याला लागून परत आला आणि ७७० मध्ये, तू फू वारला त्याच वर्षी, छांग-आनमध्येच निधन पावला. कोरियातील सिल्ला राज्याचा छोए छी-वोन हा बाराव्या वर्षी, ८६८ मध्ये, चीनला आला, ८७४ मध्ये तेथील सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि ह्वांग छाओच्या बंडाविरुद्धचा सरकारी जाहीरनामा लिहिण्याचे काम त्याच्या लेखणीकडे आले. परंतु ह्या परक्यांनी चीनविषयी लिहिले ते चिनी भाषेत, चिनी वृत्तांत आणि चिनी सनद खांद्यावर घेऊन. ते जन्माने परके आणि विद्येने घरचे होते.

१८४२ च्या नानकिंगच्या तहनाम्यानंतर आलेला परका वेगळा होता. तो व्यापारासाठी, धर्मप्रसारासाठी किंवा वकिलातीच्या चाकरीसाठी आला, आपल्या कायद्याचे संरक्षण बरोबर घेऊन आला, आणि लिहावयाचे ते त्याने आपल्या भाषेत आपल्या लोकांसाठी लिहिले. फ्रेंच कवी क्लोदेल हा तेथे फ्रान्सचा वाणिज्यदूत होता. सेगालेन हा आरमारी वैद्य होता आणि चिनी शिलालेखांच्या घाटावर बेतलेला त्याचा काव्यग्रंथ १९१२ मध्ये पेकिंगमध्येच छापला गेला. सें-जॉन पेर्स पहिल्या महायुद्धाच्या काळात पेकिंगच्या फ्रेंच वकिलातीत चिटणीस होता. ह्या तिघांनी फ्रेंच काव्याला अपूर्व लेणी दिली ह्यात शंका नाही. परंतु चीन हा त्यांच्या दृष्टीने आत्म्याच्या प्रवासाचा एक प्रदेश होता. त्या प्रदेशात धान्याचा भाव काय होता आणि रेशमाच्या गिरणीत दिवसाचे किती तास काम चाले, हे त्यांच्या काव्यावरून समजत नाही, आणि ते समजावे अशी त्यांची प्रतिज्ञाही नव्हती.

राजकारण आणि परक्याची कविता ह्यांची उघड गाठ पडली ती १९३८ मध्ये. इंग्रज कवी ऑडेन आणि त्याचा मित्र इशरवूड हे त्या वर्षी जपानने लादलेले युद्ध पाहण्यासाठी चीनमध्ये आले. हांकाव ही तेव्हा व्यवहारतः राजधानी होती. तेथे चिनी लेखकांच्या एका मेळाव्यात ऑडेनने एका मृत चिनी शिपायावर रचलेले सुनीत वाचून दाखविले. ज्याला त्याच्या सेनापतीनेही टाकून दिले अशा अनाम माणसाची ती कविता होती. वृत्तपत्रात तिचे चिनी भाषांतर प्रसिद्ध झाले तेव्हा सेनापतीने टाकून दिल्याचा उल्लेख नाहीसा झाला होता, आणि त्याच्या जागी श्रीमंत व गरीब एकजुटीने लढत आहेत असा आशय आला होता. भाषांतरकाराला दोष देणे सोपे आहे. परंतु शत्रू नदीच्या मार्गाने चढून येत असता आपल्याच सेनापतींची नालस्ती परक्याच्या तोंडून छापणे त्याला प्रशस्त वाटले नसेल, हेही समजण्याजोगे आहे. तरी मूळ कवितेत शिपाई एकटा होता आणि भाषांतरात त्याचे ते एकटेपण हिरावले गेले, ही गोष्ट उरतेच. सत्तेला, आणि कधी कधी देशभक्तीलाही, कवितेतून काय वगळलेले हवे असते ह्याचा इतका नेमका दाखला क्वचित मिळतो.

त्याच प्रवासाच्या अखेरीस हे दोघे शांघायला पोचले तेव्हा तेथील कारखान्यांची अवस्था समजावून सांगण्यासाठी त्यांना जो वाटाड्या लाभला तो म्हणजे रेवी ॲली. १९३९ मध्ये निघालेल्या त्यांच्या प्रवासग्रंथात त्याचा निर्देश आहे. ऑडेन चीनमध्ये काही महिने राहिला आणि त्यातून २७ सुनीतांची एक थोर माला उभी राहिली. ॲली साठ वर्षे राहिला.

ॲलीचा जन्म २ डिसेंबर १८९७ रोजी न्यूझीलंडच्या कँटरबरी प्रांतातील स्प्रिंगफील्ड गावी झाला. इंग्रजांच्या फौजेशी झुंजलेल्या रेवी मानियापोतो ह्या माओरी सरदाराचे नाव त्याला ठेवण्यात आले होते. म्हणजे आपल्या नसलेल्या लोकांच्या शूर पुरुषाचे नाव त्याने जन्मापासूनच धारण केले. बाप शाळामास्तर होता. पहिल्या महायुद्धात ॲली फ्रान्सच्या आघाडीवर लढला, जखमी झाला, पदक मिळविले, आणि तेथेच खंदक खोदण्यासाठी आणलेल्या चिनी मजुरांशी त्याची प्रथम दृष्टभेट झाली. युद्धानंतर तारानाकीच्या डोंगराळ मुलखात त्याने सहा वर्षे मेंढपाळी केली, ती अंगावर आली, आणि एप्रिल १९२७ मध्ये तो शांघाय बंदरात उतरला. च्यांग काइ-शेकने कामगार संघटनांची आणि कम्युनिस्टांची जी कत्तल आरंभिली होती तिला तेव्हा थोडेच दिवस लोटले होते. ॲलीला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. तो नोकरी शोधीत होता, आणि परक्यांच्या वसाहतीच्या नगरपालिकेने त्याला अग्निशामक दलात घेतले.

त्या नोकरीतून तो कारखान्यांचा तपासनीस झाला, आणि त्याच्या कवितेचा उगम ह्या तपासणीच्या कामात आहे असे मला वाटते. तपासनिसाला नजर लागते, वही लागते, आणि जे दिसले ते दिसले तसे लिहिण्याची शिस्त लागते. रेशमाच्या गिरण्यांत उकळत्या पाण्याच्या घमेल्यांपुढे उभ्या राहून कोश हाताळणाऱ्या लहान मुलींची बोटे त्याने पाहिली. धातूवर मुलामा चढविणाऱ्या कारखान्यांत क्रोमियमच्या रसायनाने मुलांच्या हातापायांना पडलेली भोके त्याने पाहिली. रात्री यंत्रांखालीच अंथरूण टाकून झोपणारे उमेदवार पाहिले. वूशी येथे रेशीम कामगारांची संघटना बांधू पाहणाऱ्या तरुणांना गोळ्या घातल्या जाताना त्याने पाहिले, आणि त्या दृश्याने आपले आयुष्य बदलले असे तो पुढे सांगत असे. १९२९ मध्ये त्याने आपली सुटी वायव्येकडील स्वेइयुआन प्रांतात दुष्काळनिवारणाच्या कामात घालविली आणि त्या दुष्काळातील एका अनाथ मुलाला दत्तक घेतले. यांगत्सेच्या १९३१ च्या महापुरानंतर धान्यवाटपाच्या कामावर गेला आणि दुसरा मुलगा त्याच्या घरी आला. उपासमारीने सुकलेले मूल कसे दिसते हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नव्हते. ते त्याच्या पंक्तीला जेवत होते.

१९३७ च्या जपानी हल्ल्यात शांघायचे हजारो कारखाने बेचिराख झाले आणि कुशल कामगारांचे तांडे यांगत्सेच्या काठाने आतल्या मुलखाकडे सरकू लागले. अमेरिकन पत्रकार एडगर स्नो, त्याची पत्नी हेलन आणि ॲली ह्यांनी तेव्हा अशी कल्पना मांडली की बॉम्ब टाकून उडविता येणार नाहीत इतके लहान, उचलून नेता येतील इतके हलके आणि कामगारांच्याच मालकीचे असे कारखाने खेडोपाडी सहकारी तत्त्वावर उभारावेत. सहकार ह्या शब्दाचे मोल महाराष्ट्रात निराळे सांगावयास नको. परंतु तेथे तो शेतीच्या भांडवलासाठी नव्हे तर युद्धात तगून राहण्यासाठी उभा करावयाचा होता. ऑगस्ट १९३८ मध्ये हांकाव येथे संस्था स्थापन झाली, त्याच महिन्यात शेन्सी प्रांतातील पाओची येथे निर्वासित लोहारांची पहिली सोसायटी निघाली, आणि पुढील दोन-तीन वर्षांत अशा सोसायट्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. संस्थेच्या लांबलचक नावातील दोन अक्षरे घेऊन ॲलीने तिला गुंग हो असे सुटसुटीत नाव दिले, आणि एकत्र काम करणे असा त्याचा अर्थ तो सांगत असे. हेलन स्नोने ह्या चळवळीवर लिहिलेल्या ग्रंथाच्या भारतीय आवृत्तीस पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

त्याच हांकाव शहरात, त्याच वर्षीचा सप्टेंबर संपता संपता, काँग्रेसने धाडलेले पाच भारतीय डॉक्टर येऊन दाखल झाले होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस पुढे येनानमार्गे उत्तरेच्या आघाडीवर गेले, तेथील परिचारिका क्वो छिंग-लान ह्यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हपै प्रांतातील एका खेड्यात वारले. त्यांच्या मुलाच्या नावात भारत आणि चीन ह्या दोहोंची अक्षरे गुंफलेली होती. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी त्यांची कथा पडद्यावर आणली. परक्या देशाच्या दुःखात माणूस किती खोल शिरू शकतो ह्याचे जे उदाहरण मराठी घराघरांत माहीत आहे, त्याच जातीचे उदाहरण म्हणून ॲलीकडे पाहावे. फरक इतकाच की कोटणिसांच्या आयुष्याला काळाने लवकर विराम दिला, आणि ॲलीला पुढे पंचेचाळीस वर्षे जगून आपल्या प्रेमाची परीक्षा द्यावी लागली.

गुंग होच्या दारातून कम्युनिस्टांना मदत पोचते असा संशय च्यांगच्या चुंगकिंग येथील सरकारात बळावला आणि १९४२ मध्ये ॲलीला तांत्रिक सल्लागाराच्या पदावरून दूर करण्यात आले. तेव्हापासून त्याने आपले सारे लक्ष कामगार मुलांच्या एका शाळेवर एकवटले. जोसेफ बेली ह्या अमेरिकन मिशनऱ्याच्या स्मरणार्थ तिचे नाव ठेवले होते. आघाडी जवळ येऊ लागली तेव्हा १९४४-४५ च्या हिवाळ्यात ही शाळा मुलांसह, यंत्रांसह, बर्फातून पश्चिमेकडे हलविण्यात आली आणि कान्सू प्रांतात, जुन्या रेशीममार्गावरील शानदान ह्या मोडकळीस आलेल्या तटबंदीच्या गावी, एका मंदिराच्या आवारात वसली. मुख्याध्यापक जॉर्ज हॉग हा तिशीतला इंग्रज तरुण जुलै १९४५ मध्ये पायाच्या क्षुल्लक जखमेतून धनुर्वात होऊन वारला आणि ती जबाबदारी ॲलीवर आली. अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस काम हा तेथील नेम होता. मुले मातीची भांडी भाजीत, घोंगड्या विणीत, कोळशाची खाण चालवीत, काच ओतीत.

ॲलीची सर्वोत्तम कविता ह्या शानदानच्या वर्षांची आहे. १९४८ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरी त्याचा गुंग हो हा संग्रह निघाला आणि १९५० मध्ये शानदानच्या वहीतील कवितांचा दुसरा. तिला वृत्त नाही, यमक नाही. ओळी कोठे तोडाव्यात ह्याचाही फारसा विचार नाही, आणि गद्याचेच लहान तुकडे करून एकाखाली एक मांडले आहेत हा टीकाकारांचा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. बहुधा कवितेच्या अखेरीस गाव आणि तारीख दिलेली असते, पंचनाम्याच्या कागदावर असावी तशी. परंतु नेमक्या ह्या पंचनाम्याच्या गुणामुळे तिच्यात एक दुर्मीळ प्रामाणिकपणा आला आहे. तिच्यात दिसणारा चीन कमलपुष्पांचा आणि पॅगोडांचा नाही; खरजेने पिडलेल्या पोरांचा, वेठीला धरलेल्या दोरखंडबांधल्या रंगरुटांचा, यंत्राचे चाक पहिल्यांदा फिरले तेव्हा उजळलेल्या चेहऱ्यांचा आहे. कोणाविषयी लिहावयाचे ह्याची निवड तिच्यात इतकी निःसंदिग्ध आहे की शैलीची उणीव वाचकाच्या ध्यानातून निघून जाते. तू फूने खेड्यातल्या रात्री जे पाहिले ते बाराशे वर्षांनंतरही संपलेले नाही हे त्याला दिसले, आणि ते त्याने लिहिले. त्या काळी तो खरोखर राहून गेलेले वेचीत होता.

१९४९ मध्ये कम्युनिस्टांचे नवे राज्य आले. ॲलीने ज्यांच्यासाठी वीस वर्षे तडफड केली होती त्या माणसांच्या नावाने ते आले, आणि त्याने त्याचे मनःपूर्वक स्वागत केले ह्यात नवल नाही; बालमजुरीच्या गिरण्या आणि रस्त्यावर गोठून मेलेल्या भिकाऱ्यांची प्रेते ज्याने पाहिली होती त्याला नव्या राजवटीचे पहिले दशक पहाटेसारखे भासले असले पाहिजे. शाळा सरकारजमा झाली, ॲली १९५३ मध्ये पेकिंगला राहावयास आला, आणि शांततेच्या चळवळीचा प्रवक्ता, सरकारचा सन्मान्य परदेशी मित्र अशी त्याची नवी ओळख झाली. पुढच्या तीस वर्षांत त्याने प्रवासवर्णनांचे, भाषांतरांचे आणि कवितांचे कित्येक खंड लिहिले. परंतु ह्या कवितांचा सूर निराळा आहे. पूर्वीच्या कवितेत एका मुलाचे नाव असे, त्याचे गाव असे, त्याच्या पायाला झालेली जखम असे. आता तेथे जनता आली, युवक आले, नवा मानव आला. तपासनिसाची वही मिटली आणि मानपत्राचा कागद उलगडला गेला.

मग १९५९ ते १९६१ ह्या वर्षांचा भीषण दुष्काळ आला. मोठ्या झेपेच्या नावाखाली धान्याच्या उत्पन्नाचे फुगविलेले आकडे वर कळविले गेले, त्या आकड्यांवरून सरकारने धान्य उचलले, आणि खेडी रिकामी झाली. ह्या काळात किती माणसे मेली ह्याविषयी विद्वानांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. ज्या प्रांतांना सर्वांत जबर झळ पोचली त्यांत कान्सू होता, म्हणजे ॲलीच्या शानदानचाच प्रांत. आणि १९६१ मध्ये मोठ्या झेपेच्या काळातील चीनच्या अंतर्भागावर ॲलीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात धरणे आहेत, कालवे आहेत, कम्यूनची भरभराट आहे, आणि तो दुष्काळ नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, तू फूच्या जन्माला १२५० वर्षे झाल्यानिमित्त, पेकिंगच्या सरकारी प्रकाशनसंस्थेने ॲलीने केलेले तू फूच्या निवडक कवितांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ते १९६२ साल भारतीय वाचकाला अन्य कारणाने आठवते. परंतु मला त्या सालाचा विचार करताना हे पुस्तक आठवते आणि मन व्यथित होते. बाराशे वर्षांपूर्वीच्या उपाशी मुलाचा शोक परभाषेत आणणारा हात तोच होता, ज्याने १९२९ च्या दुष्काळातील पोर उचलून घरी आणले होते. आणि भोवतालच्या खेड्यांत जे चालले होते त्याविषयी त्या हाताने एक अक्षर प्रसिद्ध केले नाही.

ह्या मौनाची कारणे शोधताना कठोर होण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही. सरकारचा पाहुणा म्हणून प्रवास करणाऱ्याला सरकारी वाटाड्ये जे दाखवितात तेच पुष्कळदा दिसते. पेकिंगमधील त्याचे घर, त्याचे मुलगे, त्याची नातवंडे, सारे त्या राजवटीच्या मर्जीवर होते, आणि परत जावे असा देश त्याला मनाने उरला नव्हता. सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत त्याच्या दत्तक कुटुंबालाही झळ पोचली, तरी जाहीरपणे त्याने पक्षाची बाजू सोडली नाही. शिवाय, ज्या जगात चीनचे नाव काढताच कुत्सितपणे बोलले जात होते त्या जगासमोर आपल्या माणसांचे उणे काढावयाचे नाही असा त्याचा निर्धार असावा. घरातली भांडणे चव्हाट्यावर नेऊ नयेत असे आपणही मानतो. परंतु येथेच परक्याच्या प्रेमातला धोका आहे. तो प्रथम माणसांवर प्रेम करतो. मग त्या माणसांच्या देशावर. मग, नकळत, त्या देशाच्या सरकारवर. आणि शेवटी माणसे आणि सरकार ह्यांत अंतर पडले तेव्हा आपण कोणाच्या ओढीने येथे आलो होतो ह्याचे त्याला विस्मरण होते. तू फूची सम्राटनिष्ठा ॲलीच्या पक्षनिष्ठेहून कमी नव्हती. पण तू फूच्या निष्ठेत गाऱ्हाण्याला जागा होती, किंबहुना गाऱ्हाणे मांडणे हीच त्याच्या मते निष्ठेची पराकाष्ठा होती. आणि ॲलीने त्याची कविता भाषांतरित केली तरी त्याच्या निष्ठेची ही जात त्याने आत्मसात केली नाही.

२७ डिसेंबर १९८७ रोजी, नव्वदी पुरी करून, ॲली पेकिंगमध्ये वारला. त्याच वर्षी शानदानला ती शाळा नव्याने उघडण्यात आली होती, आणि त्याची रक्षाही त्याच्या इच्छेप्रमाणे शानदानच्याच मातीत गेली. साठ वर्षांच्या मुक्कामात त्याला राजधानीने मोठे मान दिले होते. तरी शेवटचे ठिकाण म्हणून त्याने निवडले ते मोडक्या तटाचे, वाळूच्या वाऱ्यातले हे गाव, जेथे त्याची कविता खरी होती. ह्या निवडीत त्याची स्वतःविषयीची काही कबुली होती काय हे सांगता येणार नाही. परंतु वाचकाने निवड करावयाची झाली तर तीच करावी. पुढच्या काळातील गौरवगीते कपाटात राहू द्यावीत आणि शानदानच्या वहीतील ते ओबडधोबड, गाव आणि तारीख घातलेले कागद पुन्हा काढून वाचावेत; कारण प्राचीन राजाने वसंतात जे अंमलदार वाटेवर धाडले त्यांना स्तुतिस्तोत्रे आणण्यास सांगितलेले नव्हते. स्तुती करणारे त्याच्या वाड्यात पुष्कळ होते. जे खिडकीतून दिसत नाही ते त्याला हवे होते, आणि ते आणून देण्यासाठी घंटा वाजविणाऱ्याने वाड्याकडे पाठ करून खेड्याच्या वाटेला लागणे अवश्य होते.